साबण, पाव आणि तो नसलेला डोंगर

प्रश्न असा आलाय की साबण हा शब्द रोमजवळच्या ‘सापो’ नावाच्या डोंगरावरून पडला हे खरं का, आणि मराठीत तो पोर्तुगीजांनी आणला का. शिवाय अंघोळ लिहायचं की आंघोळ. (दोन्ही चालतात, पुढे चला.)

डोंगराची गोष्ट साफ थाप आहे. हा फॉरवर्ड मरतच नाही! म्हणे डोंगरावर बळी द्यायचे, चरबी आणि राख पावसात वाहून टायबर नदीत यायची आणि तिथे धुणं धुणाऱ्या बायकांचे कपडे लख्ख निघायचे. अरे पण डोंगर आहे कुठे? एकाही रोमन लेखकाने त्याचं नाव घेतलेलं नाही. आणि रोमन लोक बळीचं जनावर असं वाया घालवणारे नव्हते, देवासाठी काळीज, फुप्फुसं असलं काहीबाही जाळायचे आणि बाकीच्या मटणावर जेवणावळ उठायची. कपड्यांचं म्हणाल तर तिथले धोबी शिळं मूत्र वापरायचे, व्हेस्पेशियन बादशहाने त्या मुतावर कर बसवला होता, त्यामुळे बायकांच्या त्या लख्ख कपड्यांचं काय ते समजून घ्या.

‘सापो’ हा शब्द लॅटिनमध्ये दिसतो तो रोमन लेखक प्लिनीकडे, म्हणजे इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गेला तो. तो म्हणतो ही गॉल लोकांची (आजच्या फ्रान्सकडचे) युक्ती, चरबी आणि राखेची, त्यातही बकऱ्याची चरबी आणि बीच झाडाची राख उत्तम, घट्ट आणि पातळ असे दोन प्रकार. आणि कशासाठी? केस लाल करायला! जर्मन टोळ्यांत बायकांपेक्षा पुरुषच जास्त वापरतात, असंही वर टाकलंय. प्लिनीने हे लिहिलंय गंडमाळांच्या, म्हणजे मानेवरच्या गाठींच्या औषधांत, अंघोळीचा तिथे पत्ताच नाही. शब्द मात्र मूळचा जर्मन टोळ्यांचा, लॅटिनने उचललेला.

मग रोमन लोक हमामात करायचे काय? अंगाला तेल चोळायचं आणि ‘स्ट्रिजिल’ नावाच्या धातूच्या वाकड्या पट्टीने तेल, घाम, मळ सगळं खरवडून काढायचं. आपलं दिवाळीचं अभ्यंगस्नानच, फक्त उटण्याच्या जागी खरवडणी. पाठ खरवडायला गुलाम लागायचा. हेड्रियन बादशहाची गोष्ट सांगतात, त्याला एक म्हातारा सैनिक भिंतीला पाठ घासताना दिसला, गुलाम परवडत नाही म्हणाला, बादशहाने गुलाम दिले आणि वर खर्चालाही दिलं. पुढच्या वेळी बघतो तर म्हाताऱ्यांची रांगच भिंतीला पाठी घासतेय. त्यांना म्हणाला, एकमेकांच्या घासा. आणि पहिलवानांच्या अंगावरून खरवडलेला तो चिखल सुजेवर औषध म्हणून विकला जायचा, हे प्लिनीच सांगतो. आयुर्वेदाच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांनी जरा नोंद घ्यावी.

आता खरी गंमत. सापोचं ग्रीकमध्ये सापोन, अरबीत साबून, फारसीत साबून, पोर्तुगीजमध्ये ‘साबाँव’. आपल्याकडचे बरेच विद्वान डोळे मिटून साबण पोर्तुगीजांच्या खात्यावर घालतात, कारण बटाटा-पगार-चावी त्यांचे म्हणजे हाही त्यांचाच. कानाने ऐका की! पोर्तुगीज ‘पाँव’चा मराठीत पाव झाला, ‘लेइलाँव’चा लिलाव झाला. त्या हिशोबाने साबाँवचा ‘साबाव’ व्हायला हवा होता. ‘आँव’चा ण होतो म्हणून कोणी बटण पुढे करेल, तर ते इंग्रजांचं. ‘आँव’चा ‘आन’ झालेला कप्तान दाखवाल तर तिथे शेवटचा ‘आ’ शाबूत आहे, मग ‘साबान’ का नाही झालं? फारसी न-चा ण करणं आपल्या जिभेला सवयीचं, निशाण बघा, इराण बघा. साबूनमधला ऊ कुठे गेला हे विचारून मला अडवायला बघू नका, बोलता बोलता एवढं झिजतंच. माझं मत ठाम आहे, शब्द दख्खनेत फारसीच्या वाटेने आलाय.

आणि हो, रिठा विसरू नका. रिठ्याच्या झाडाचं वनस्पतिशास्त्रातलं नाव ‘सॅपिंडस’, म्हणजे सापो आणि इंडिकस जोडून केलेलं, हिंदुस्थानी साबण! रोमन अंगाला तेल फासून खरवडत बसले होते आणि त्यांच्या भाषेतलं नाव चिकटलं आपल्या रिठ्याला.

जुन्या कागदपत्रांत कुठे ‘साबाव’ सापडला तर जरूर दाखवा, तोवर पोर्तुगीजांना फक्त पावाचं श्रेय मिळेल.