‘हाउस ऑफ स्ट्रेंजर्स’ (१९४९) आज बघण्यासारखा आहे का? त्यातला थोरला भाऊ ज्यो खरंच खलनायक आहे का?

आहे, जरूर बघा. पण ज्योला घरभेदी म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे.

वडिलांच्या धंद्याचे हिशेब मी बारा वर्षं सांभाळले. पगार असा कधी ठरलाच नाही. लागतील तेव्हा पैसे मागायचे आणि मागितले की “कशाला?” ऐकायचं. धाकटा बाहेर शिकायला होता. तो सुट्टीत आला की त्याच्यासमोर वडील माझ्याबद्दल म्हणायचे, “याला काय कळतंय!”

हा पिक्चर आम्ही दोघांनी लॅपटॉपवर एकत्र पाहिला. न्यूयॉर्कमधला इटालियन सावकार-बँकर जिनो मोनेटी टबात बसून मोठ्याने गातोय आणि त्याच्याच बँकेत राबणारा थोरला मुलगा ज्यो वाकून त्याची पाठ घासतोय. धाकटा हसला. मी पिक्चर थांबवला. विचारलं, यात हसण्यासारखं काय आहे? तो म्हणाला, “दादा, पिक्चर आहे रे.” त्या रात्री आम्ही तो पुरा पाहिलाच नाही. शेवट मी दुसऱ्या दिवशी एकट्याने पाहिला.

लोक ज्योच्या भावाच्या, बापाच्या लाडक्या मॅक्सच्या बाजूने असतात. पण बँकेच्या कारभारावरून बापावर खटला चालला, तेव्हा त्याला वाचवायला ज्यूरीतल्या बाईला लाच द्यायला गेला तो मॅक्सच. सात वर्षांची शिक्षा त्याने स्वतःच्या हाताने ओढवून घेतली. आणि खटल्यापायी बापाने बायकोच्या नावावर केलेली बँक बाकीच्या मुलांनी आपल्याकडे घेतली, त्याला मी चोरी म्हणणार नाही. ती त्यांची थकबाकी होती.

हे मात्र मान्य की पोलिसांना मॅक्सची खबर ज्योनेच दिली, आणि शेवटी मॅक्सला बाल्कनीतून खाली फेकायला त्यांचाच भाऊ पिएत्रो याला सांगितलं. त्याची सफाई मी देत नाही. पण पिएत्रो उलटतो तो कशाने? बाप त्याला ज्या शब्दाने हिणवायचा, तोच ‘ढम्म डोक्याचा’ ज्योच्या तोंडून निघतो म्हणून.

एडवर्ड जी. रॉबिन्सनला जिनोसाठी कान महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. १९५४ मध्ये हीच गोष्ट ‘ब्रोकन लान्स’ या वेस्टर्नमध्ये आली. आधी हा बघा, मग तो.

तुमच्या घरातही एक मूल बिनपगारी राबत असेल, तर आजच आकडा ठरवा आणि लिहून ठेवा.

आणि धाकट्या, हे वाचत असशील तर टबाचा प्रसंग पुन्हा लाव. या वेळी गाणाऱ्याकडे नको, पाठ घासणाऱ्याच्या तोंडाकडे बघ.