थायरॉइडची गोळी नुकती सुरू झाली असेल तर

ताई, टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक; ती कमी काम करू लागली की हे वाढतं) वाढलेला आहे आणि डॉक्टरांनी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं कमी पडणारं संप्रेरक, गोळीतून दिलंय, तर आधी गोळी घेण्याची वेळ नीट बसवा. सकाळची ठाणे लोकल गाठायच्या घाईत गोळी आणि दुधाचा चहा एकत्र घेतला, की औषध पूर्ण शोषलं जात नाही. उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर गोळी, मग ३० ते ६० मिनिटांनी चहा. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर मध्ये ४ तासांचं अंतर हवंच. बऱ्याचदा डोस वाढवूनही टीएसएच उतरत नाही, त्याचं कारण इथेच सापडतं.

आठवड्याभरात फरक शोधू नका. या औषधाचं रक्तातलं अर्धं प्रमाण उतरायलाच साधारण ७ दिवस लागतात, म्हणून पुढची तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी. त्या दिवशी रक्त आधी द्या, गोळी नंतर. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगून किमान २ दिवस आधी थांबवा, नाहीतर आकडे चुकीचे येतात.

पावसाळ्यात बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका, झाकण घट्ट लावा. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी मनाने बंद करू नका, तो गोळीमुळेच नॉर्मल आहे. दिवस राहिल्याचं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बहुधा डोस वाढवावा लागतो.