पिसाळलेली गाय आणि ‘मॅड काऊ’

प्रश्न : शेजारच्या गाईला महिन्यापूर्वी कुत्रं चावलं होतं. परवापासून ती लाळ गाळते, घोगरं हंबरते. हाच ‘मॅड काऊ’ का? (दूध उत्पादक, संगमनेर)

नाही, हा नावाचा घोटाळा आहे. ही लक्षणं रेबीजची वाटतात. घशात काही अडकलंय समजून तिच्या तोंडात हात घालू नका. लोक हमखास घालतात. ज्यांना लाळ लागली किंवा ज्यांनी कच्चं दूध प्यायलं, त्यांनी आजच सरकारी दवाखाना गाठावा. ‘मॅड काऊ’ म्हणजे बीएसई हा वेगळा रोग. तो चावल्याने होत नाही, दावणीच्या शेजारणीलाही लागत नाही. भारतात त्याची नोंद नाही.

प्रश्न : गाय गवत खाणारी. तिला हा रोग झालाच कशाने? (कृषी पदविकेचा विद्यार्थी, बारामती)

खुराकाच्या पोत्यातून. आपण सरकी पेंड घालतो, तिथे ब्रिटनमध्ये कत्तलखान्यातलं उरलंसुरलं मांस आणि हाडं शिजवून केलेली भुकटी गाईंच्या, वासरांच्या खाद्यात मिसळत. प्रथिन स्वस्तात मिळे. त्यातला प्रायॉन शिजवून मरत नाही, कारण तो जंतू नसून बिघडलेलं प्रथिन आहे. मेंदूची तो स्पंजासारखी चाळण करतो.

रोग १९८६ मध्ये ओळखला गेला, जुलै १९८८ मध्ये अशा खाद्यावर बंदी आली. पण लक्षणं दिसायला चार-पाच वर्षं लागतात, म्हणून बंदीनंतरही आकडा १९९२ पर्यंत चढतच गेला. एकूण १ लाख ८० हजारांहून जास्त गाई.

त्यात सुरुवातीला सरकारने मारलेल्या रोगी गाईमागे भरपाई किमतीच्या निम्मीच. निम्म्या पैशांत कोण आपणहून गाय दाखवेल? पूर्ण भरपाई फेब्रुवारी १९९० मध्ये सुरू झाली. मला ही दीड वर्षाची कंजुषी सगळ्यांत महाग पडलेली वाटते. मार्च १९९६ मध्ये माणसांतल्या जीवघेण्या मेंदूविकाराशी संबंध असल्याचं सरकारने मान्य केलं, आठवड्यात युरोपने ब्रिटिश गोमांसाची निर्यात बंद केली. पुढे ३० महिन्यांवरची चाळीस लाखांहून जास्त जनावरं मारून टाकली. बहुतेक धडधाकट होती.

प्रश्न : एका गाईपायी सगळ्या देशाचा व्यापार बसतो? (बाजार समितीतले व्यापारी, लोणंद)

बसतो. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात २० मे २००३ रोजी एका गाईला बीएसई असल्याचा अहवाल आला. ती जानेवारीतच कापली होती, तिचं मांस माणसांच्या खाण्यात गेलंही नव्हतं. अमेरिकेने त्याच दिवशी दार लावलं. तिथली जिवंत जनावरं अमेरिकेच्या कत्तलखान्यांत जात आणि घरची क्षमता तोकडी. माल गोठ्यात तुंबला, भाव कोसळले. आटलेल्या म्हाताऱ्या गाईला तर गिऱ्हाईकच उरलं नाही, चारा मात्र रोजचा. तरुण जनावरांसाठी सीमा उघडली जुलै २००५ मध्ये, वयस्करांसाठी २००७ च्या अखेरीस.

प्रश्न : मी १९९० च्या सुमारास लंडनला तीन वर्षं होते. ऑस्ट्रेलियात रक्तदानाला तेव्हा नकार मिळाला होता. अजून तोच नियम आहे? (वाचक, मेलबर्न)

नाही. ‘मॅड काऊ’पासून होणारा माणसांतला मेंदूविकार रक्तातून पसरेल या भीतीने १९८० ते १९९६ दरम्यान ब्रिटनमध्ये राहिलेल्यांवर घातलेली ती अट २०२२ मध्ये उठली. बाकी तब्येत ठीक असेल तर जा.