पान ५१ वरचा वाडा पहिल्या पानावर आण

तू लिहिलंयस की यंदा बी. आर्क. पूर्ण झालं, इंदूरमध्येच राहून काम करायचंय, पोर्टफोलिओ ६४ पानांचा आहे, बारा ऑफिसांना मेल केली, दोघांनी 'कळवतो' म्हटलं आणि बाकी कुणाचं उत्तरच नाही, आणि आता रेंडरिंगचा, म्हणजे कॉम्प्युटरवर इमारतीची फोटोसारखी चित्रं करण्याचा, तीन महिन्यांचा कोर्स लावू की रेव्हिट हे थ्रीडी मॉडेलवरून ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर शिकू अशा पेचात आहेस. तुझी पीडीएफ काल रात्री मी दोनदा पाहिली, पहिल्यांदा भराभर, जशी ऑफिसात बघितली जाते तशी, आणि मग सावकाश. मी २००३ पासून इथे आर्किटेक्ट म्हणून प्रॅक्टिस करतेय, ऑफिस लहान आहे पण नवीन मुलांचे पोर्टफोलिओ सतत येतात, त्यामुळे बघणारा काय बघतो तेवढं नक्की सांगू शकते. अगं-तुगं करतेय, माझ्या भाचीच्या वयाची आहेस.

आधी सांगते की तुझं काम चांगलं आहे. पण ते सापडत नाहीये. पहिली चौदा पानं म्युझियमची, त्यातली नऊ रेंडर, संध्याकाळचं आकाश, ओल्या फरशीत दिव्यांचं प्रतिबिंब, उडणारे पक्षी. हे प्रत्येक पोर्टफोलिओत असतं गं, तेच आकाश, तीच माणसं पाठमोरी उभी. मी रेंडर ओलांडून सरळ प्लॅनवर जाते, आणि तुझ्या म्युझियमच्या प्लॅनमध्ये वरच्या मजल्यावरचं टॉयलेट खालच्या गॅलरीच्या बरोब्बर डोक्यावर आलंय, पाइप खाली न्यायला डक्ट कुठेच नाही. सबमिशनच्या घाईत असं होतं, मला माहितीये, पण ज्याला तुला कामावर घ्यायचंय त्याने ते पान पाहून पीडीएफ बंद केली असणार. पान ५१ पर्यंत तो पोचलाच नसणार.

आणि पान ५१ वर तुझ्या आजोळच्या वाड्याचं मेझर्ड ड्रॉइंग, म्हणजे जागेवर टेपने मोजून काढलेलं ड्रॉइंग, आहे, सेकंड इयरचं, एका शीटमध्ये दाबून बसवलेलं. मी तिथे थांबले. सागवानी खांब, खाली दगडी तळखडा, वर तुळई आणि कडीपाट म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत, आणि प्रत्येक खणाचा, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराचा, नाप तू वेगळा लिहिलायस, एक खण चार फूट दहा, शेजारचा पाच फूट एक. कॉलेजातली बहुतेक मुलं एक खण मोजतात आणि बाकीचे कॉपी-पेस्ट करतात, म्हणजे वाडा नाही तर ग्रिड काढतात. तू सगळे मोजलेस. शिवाय माजघरावरच्या एका खणातल्या कड्या बाकीच्यांपेक्षा बारीक दाखवून बाजूला पेन्सिलने लिहिलंयस की छत गळायला लागल्यावर या बदलल्या, मामींनी सांगितलं. हे एक वाक्य तुझ्या नऊ रेंडरपेक्षा जास्त सांगतं. ही मुलगी जागेवर जाते, टेप धरते, घरातल्या माणसाला विचारते आणि ऐकलेलं लिहून ठेवते, हे मला कळलं, आणि ऑफिसला पहिल्या दिवसापासून हेच हवं असतं. तो वाडा सगळ्यात पुढे आण आणि त्याला चार पानं दे.

आपल्या गावाला तर या गोष्टीची मोठी परंपरा आहे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार इथे होळकर दरबारासाठी काम करत होते, १९१८ साली त्यांचा इंदूरवरचा रिपोर्ट छापला गेला, दोन खंडांचा. त्यांचा आग्रह एवढाच की आधी गल्लीबोळ पायी फिरून निदान करा, औषध मग. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढून शेकडो घरं पाडण्यापेक्षा जिथे अडतंय तिथेच थोडं काढा, बाकीचं जगू द्या. प्लेगच्या दिवसात त्यांनी इथे दिवाळीची मिरवणूक काढली, तिचा रस्ता तिथून जाणार जिथे लोकांनी घरं जास्तीत जास्त झाडूनपुसून दुरुस्त केली असतील, असं आधी जाहीर केलं आणि अख्खं गाव कामाला लागलं, मिरवणुकीत प्लेगचा भला मोठा उंदीरही होता. तुझा थीसिस कान्ह नदीकाठावर आहे, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळचा, म्हणजे होळकरांच्या स्मारकांजवळचा पट्टा, आणि त्यात साइट अ‍ॅनालिसिसचं पान म्हणजे सूर्याचा मार्ग, वाऱ्याचे बाण आणि गूगलचा फोटो. हे घरी बसून होतं. पावसाळ्यात पाणी कुठल्या पायरीपर्यंत येतं, सकाळी तिथे कोण बसतं, नाला कुठून मिळतो, हे पाहिलं असशीलच, पाच महिने जात होतीस, मग ते कुठेय? वहीत असेल. वहीची ती पानं स्कॅन करून टाक, वाकडी रेघ असली तरी चालेल.

आता हाउसिंगचं. फोर्थ इयरचा प्रोजेक्ट, २४० घरं, कन्सेप्टमध्ये लिहिलंयस की कुटुंब वाढेल तसं घर वाढेल, आणि प्लॅन बघितला तर सगळी घरं पूर्ण, पॅक, वाढायला जागाच नाही. कुठली भिंत निघेल, जिना कुठून चढेल, दुसऱ्या खोलीचा भार कशावर बसेल, काहीच नाही. विजयनगरकडे अरण्य वसाहत आहे ना, आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी आखलेली. लोक ते बघायला परदेशातून येतात आणि आपली मुलं पुस्तकातून अभ्यासतात. साधारण ८५ हेक्टर, साडेसहा हजार घरांची योजना, आर्किटेक्चरचा १९९५ चा आगाखान पुरस्कार, हे सगळं तू परीक्षेत लिहिलं असशील. पण तिथली खरी गंमत अशी की गरिबातल्या गरिबाला ३५ चौरस मीटरचा प्लॉट, त्यावर जोतं, संडास-न्हाणी, पाण्याची सोय, फार तर एक खोली, आणि पुढचं त्याने त्याच्या ऐपतीप्रमाणे करायचं. नमुना म्हणून ८० घरं बांधून दाखवली होती. म्हणजे आर्किटेक्टने ठरवलं की महागडी आणि चुकली तर निस्तरता न येणारी गोष्ट, पाइप आणि पाया, आपण करायची, आणि भिंती माणसाच्या हातात सोडायच्या. एक रविवार तिथे जा, दोन घरांना विचारून आतून नाप घे, सुरुवातीचं काय आणि मागून वाढवलेलं काय ते दोन रंगात काढ, आणि मग तुझ्या हाउसिंगमधलं एकच युनिट तीन टप्प्यात परत काढ. जुना प्लॅन शेजारी राहू दे. आधी असं केलं होतं, जाऊन पाहिल्यावर असं बदललं, हे दाखवायला लाजू नकोस. मला तरी ज्या पोर्टफोलिओत मुलाने स्वतःचं मत बदललेलं दिसतं तोच पुढच्या दिवशी आठवतो.

स्किल्सबद्दल विचारलंस. शेवटच्या पानावर सॉफ्टवेअरचे गोल काढलेत, फोटोशॉप पाचपैकी चार, ऑटोकॅड पाचपैकी पाच. ते काढून टाक, त्या गोलांवरून कुणाला काही कळत नाही. त्याऐवजी एका जिन्याचं वर्किंग ड्रॉइंग घाल. जिना का ते सांगते, कारण हे मी स्वतः भोगलंय.

माझं पहिलं स्वतंत्र काम, सुदामानगरला एक दुमजली घर. मजल्याची उंची ३१५० मिलिमीटर, १८ चढ (एका पायरीपासून दुसरीपर्यंतची उंची), प्रत्येकी १७५, हिशोब चोख. मी ड्रॉइंगमध्ये स्लॅबपासून स्लॅबपर्यंत मोजलं आणि मिस्त्रीने तसंच ओतलं. मग फरशी आली. खोल्यांमध्ये खालची कोबा भरणी आणि वरचा कोटा दगड धरून ७५ मिलिमीटर चढले, जिन्याच्या पायऱ्यांवर मात्र मसाला आणि दगड मिळून ४०. म्हणजे खालची जमीन ७५ ने वर आली आणि पहिली पायरी फक्त ४० ने, पहिला चढ झाला १४०. वरच्या टोकाला उलटं, शेवटची पायरी ४० ने वर आणि वरची जमीन ७५ ने, शेवटचा चढ २१०. मधले सगळे १७५. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये घराच्या जिन्याचा चढ जास्तीत जास्त १९० आहे, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की पायाला सवय लागते, सतरा चढ चढून गेल्यावर पाय अठराव्याची उंची मोजत नाही, तो गृहीत धरतो. त्या घरातल्या आजी गृहप्रवेशाच्या दिवशीच वरच्या पायरीला अडखळल्या, हातात ताम्हन होतं. लागलं नाही, पण तो ताम्हनाचा आवाज माझ्या अजून कानात आहे. वरच्या तीन पायऱ्या फोडून परत केल्या, खर्च मी दिला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्ये, दोन लेव्हल असतात, स्लॅबची वेगळी आणि तयार फरशीची वेगळी, आणि इंटरव्ह्यूला येणाऱ्या प्रत्येकाला मी कागद पुढे करून जिनाच काढायला लावते. दहातली आठ मुलं स्लॅब ते स्लॅब मोजतात.

तर तुझ्या म्युझियमचा जिना घे, १:२० स्केलला प्लॅन आणि सेक्शन, पहिली आणि शेवटची पायरी १:५ ला मोठी करून काढ, दोन्ही लेव्हल लिही, दगडाची जाडी, मसाल्याची जाडी, रेलिंग कशात रोवलंय ते. हे काढताना अडशील, अडलीस की कुठल्याही चालू साइटवर जाऊन मिस्त्रीला विचार, काँक्रीट ओतायचा फर्मा कसा लावतो, पहिली लाइन कुठून मारतो. नीट विचारलं तर ते फार प्रेमाने सांगतात. आणि हो, कॉलम भिंतीत लपावेत म्हणून सगळीकडे २३० बाय २३० दाखवलेत ते बदल, भूकंपाच्या डिटेलिंगच्या २०१६ च्या कोडमध्ये कॉलमची लहानात लहान बाजू ३०० आहे. साइज शेवटी स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवेल, पण तुला एवढा अंदाज आहे हे दिसलं की समोरच्याचा विश्वास बसतो.

सॉफ्टवेअरचं माझं मत सरळ आहे, ऑटोकॅड आधी पक्कं कर, म्हणजे फक्त कमांड नाही, लेयरची नावं, रेघांची जाडी, एक्सरेफ म्हणजे एका ड्रॉइंगमध्ये दुसरं जोडणं, स्केलमध्ये प्रिंट काढणं. तुझ्या शीटवर कापलेली भिंत आणि फर्निचर एकाच जाडीच्या रेघेत आहे, ए३ वर प्रिंट काढून हात लांब करून बघ, काहीच वाचता येणार नाही. मग रेव्हिट शीक, मोठ्या ऑफिसांना लागतं आणि सेक्शनमध्ये विचार करायची सवय लागते. रेंडरिंगच्या कोर्सला आत्ता पैसे घालू नकोस, तुझा हात आधीच बरा आहे.

बाकी बारीकसारीक. पाच प्रोजेक्ट पुरेत, हॉस्टेल आणि फर्स्ट इयरची मॉडेल्स काढ, २४ पानांच्या आत बसव. फाइल ७० एमबीची आहे, मेलमध्ये उघडतच नाही, दहाच्या खाली आण, आणि फाइलचं नाव 'फायनल फायनल ३' नको, तुझं नाव आणि वर्ष. ग्रुप प्रोजेक्टमध्ये तू काय केलंस ते स्पष्ट लिही, 'सर्व्हे आणि सेक्शन माझे, मॉडेल तिघांचं' असं, इंटरव्ह्यूत ते विचारतातच आणि तिथे अडखळलं की सगळ्यावर शंका येते. ट्रेनिंगच्या सेमिस्टरमधली ऑफिसची ड्रॉइंग्ज घातलीस, त्यांना विचारलंस का? विचार, आणि क्लायंटचं नाव-पत्ता पुसून टाक. कव्हरवर नावाखाली 'आर्किटेक्ट' लिहिलंयस ते आज काढ, १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय ते लावता येत नाही, आणि तो अर्ज अजून केला नसशील तर या आठवड्यात कर.

मेल पण प्रत्येकाला तीच पाठवलीयस. ज्या ऑफिसात जायचंय त्यांचं एखादं बांधलेलं काम बघून ये, गावातच आहेत सगळी, आणि त्यात काय आवडलं ते दोन ओळीत लिही. बाराऐवजी चारांनाच पाठव.

एक राहिलं. वाड्याच्या सेक्शनमध्ये चौक ओटीपेक्षा दीड फूट खाली दाखवलायस, चारही बाजूंच्या पागोळ्या त्यात पडणार, पण ते पाणी बाहेर कुठून जातं ते कुठेच नाही. मोरी असेल, जोत्याच्या दगडात कुठेतरी भोक असेल, कदाचित बुजलं पण असेल, आणि माजघरावरच्या कड्या का कुजल्या त्याचा धागाही तिथेच मिळेल असं मला वाटतंय. मामींना फोन करू नकोस, स्वतः जा, टॉर्च आणि टेप घेऊन, आणि ते काढून मला पाठव.