पाच दिवस झाले, खोकला उलट वाढलाय. दोनवर येऊ का?

भाऊ, रोज दहा सिगारेटी ओढत होतात, पाच दिवसांपूर्वी एकदम बंद केलीत, आता छाती खरखरतेय आणि साताऱ्यातले एमआयडीसीचे मित्र म्हणतायत, "दोनवर ये, झेपेल." त्यांचं अजिबात ऐकू नका.

श्वासनळीत आतून बारीक केसांसारखे तंतू असतात, कफ वर ढकलणारे. धुराने ते लुळे पडतात. धूर थांबला की पुन्हा हलायला लागतात, म्हणून जुना कफ सुटतो. काही आठवडे चालेल. रक्त पडलं, ताप आला किंवा दम लागला, तर मात्र सरळ डॉक्टरकडे.

आता ते 'दोन'. रोज एकच ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. विसावा हिस्सा नाही, निम्मा! पूर्ण सोडली तर साधारण वर्षभरात तो जादा धोका अर्ध्यावर येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका उतरायला जास्त वेळ लागतो, दहाएक वर्षं.

पैशाचं म्हणाल तर तुमच्याच २० रुपयांच्या भावाने रोजचे २००, वर्षाचे ७३,०००. सुट्टे जातात म्हणून जाणवत नाहीत. (सुट्टी सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे, पण टपरीवर काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे.) पोवई नाक्याजवळच्या टपरीवर माझं खातं होतं. वहीत माझ्या नावाखाली 'चहा' अधूनमधून, 'सि.' मात्र ओळीने. आता तेच पैसे पगाराच्या दिवशीच आरडीत वळवतो, हातात ठेवले तर उडतात.

टर्म इन्शुरन्सचा हप्ताही तंबाखू न घेणाऱ्याला कमी बसतो. पण पाच दिवसांवर फॉर्ममध्ये 'नाही' लिहू नका. बहुतेक कंपन्या मागच्या किमान वर्षभराचं विचारतात. खोटं निघालं तर घरच्यांचा क्लेम अडकतो.

तलफ चार-पाच मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ टपरीपासून लांब राहा, आणि पुडी किंवा मिश्रीवर तर मुळीच जाऊ नका. निकोटिनची चावायची गोळी (गम) घेतलीत तर साध्या च्युइंगगमसारखी चघळत बसू नका, उचक्या लागतात, पोटात जळजळतं. दोन-चारदा चावायची, चुणचुणलं की गालात दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा. चहा पिता-पिता नको, चहानंतर पंधरा मिनिटांनी. डोस १८००-११-२३५६ वर विचारा, सरकारी नंबर आहे, फुकट.