शाळेत प्रोजेक्टर नाही, बजेट नाही; वर्गात खेळायला फुकट साहित्य कुठून आणायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की तिसरी-चौथीचा जोडवर्ग आहे, पट २२, आणि महिन्याला पदरचे ३०० रुपयेच घालता येतील. मी बारा वर्षं द्विशिक्षकी शाळेत काढली, त्यामुळे जे करून पाहिलंय तेवढंच सांगते. नेटवर खेळ फुकटच असतो. पैसे जातात ते रंगीत प्रिंट, लॅमिनेशन आणि चुकलेल्या कागदांवर. म्हणून तिथून खेळाचा सांगाडा घ्यायचा आणि आतला मजकूर आपल्या वर्गाचा भरायचा. तयार संच उतरवून घ्यायच्या नादाला मीही लागले होते. दोन वर्षांत मोबाईल भरला, कपाट रिकामंच राहिलं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त चाललेला खेळ म्हणजे पाढ्यांची हौजी. संगणकावर दहा बाय दहाचा तक्ता करा, प्रत्येक चौकोनात एक गुणाकार: ६ × ७, ३ × ८ असा. ए-फोरच्या एका पानावर शंभर चिठ्ठ्या बसतात, काळी-पांढरी झेरॉक्स पुरते. तिकिटं छापायची गरजच नाही. मुलं वहीत नऊ चौकोन आखतात आणि १ ते १० च्या पाढ्यांतले कुठलेही नऊ आकडे भरतात. तुम्ही चिठ्ठी काढून म्हणायचं, "सहा साते?" ज्याच्याकडे ४२ असेल त्याने त्यावर चिंचोका ठेवायचा.

यात एक गंमत आहे, ती मला मुलांनीच दाखवली. शंभर चौकोनांची उत्तरं काढली तर वेगवेगळे आकडे निघतात फक्त बेचाळीस. त्यातला २४ चार ठिकाणी येतो (तीन आठे, आठ त्रिक, सहा चोक, चार सक), ४९ मात्र एकदाच. चौथीतला एक मुलगा सारखाच जिंकायला लागला. मला वाटलं, लबाडी करतोय. वही पाहिली तर तिकिटावर १२, १८, २४, ३०, ४० असेच आकडे. "बाई, हे लई वेळा येत्यात," म्हणाला. पुढच्या आठवड्यात ४९ आणि ८१ कुणी लिहिनाच. मग मी नियम केला की एक तरी आकडा 'एकदाच येणारा' हवा. तो कोणता, हे शोधायला सगळ्यांनी पाढे उलटेपालटे केले. शंभर उदाहरणं घातली असती तरी एवढा सराव झाला नसता.

आता पत्त्यांविषयी. चित्र आणि शब्द यांची जोडी लावायचा खेळ मी एका परदेशी साइटवरून घेतला होता. फाईल अमेरिकन लेटर मापाची, म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० बाय २९७. दुकानातल्या मुलाने पुढची बाजू कागदात मावेल अशी छोटी करून काढली, मागची मूळ मापात. कापल्यावर एकाही पत्त्याची पाठ पोटाशी जुळेना. रंगीत प्रिंटचे पैसे पाण्यात. तेव्हापासून मागची बाजू छापतच नाही, पत्ते जुन्या लग्नपत्रिकांवर चिकटवते. पण त्यातही फसले! पत्रिका वेगवेगळ्या लग्नांच्या होत्या, त्यामुळे दोन दिवसांत पोरांना पाठ झालं की सोनेरी पाठीचा पत्ता म्हणजे मोर आणि लाल वेलबुट्टीचा म्हणजे बैल. उलथवायच्या आधीच जोड्या लागायला लागल्या. एकाच लग्नाच्या उरलेल्या पत्रिका मागून घ्या, गावात कुणाकडे तरी गठ्ठा पडलेला असतोच. गणपतीचं चित्र असलेला भाग कापू नका, घरी कुणाला तरी ते खटकतं.

चित्रं विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रांच्या साइटवरून घ्या आणि प्रत्येक चित्राखाली परवाना काय लिहिलाय ते वाचा. गूगलवर दिसलेलं चित्र आपलं नसतं. स्वतःच्या वर्गापुरतं चालून जाईल, पण फाईल ग्रुपवर टाकायची असेल तर पंचाईत होते. मराठी गोष्टींसाठी प्रथम बुक्स या प्रकाशनाची स्टोरीवीव्हर साइट उत्तम. तिथल्या गोष्टी मुक्त परवान्यात आहेत, श्रेय देऊन छापता-बदलता येतात. एका कागदावर चार पानं अशी गोष्ट छापायची, पानांचे क्रमांक कापून टाकायचे आणि गटाला क्रम लावायला द्यायची. आमची पोरं कधीकधी लेखकापेक्षा बरा क्रम लावतात. विज्ञानासाठी अरविंद गुप्तांची साइट आहे, टाकाऊ वस्तूंची खेळणी, मराठी पुस्तकंही. सरकारचं दीक्षा ॲप आणि बालभारतीच्या पीडीएफ तुम्हाला माहीतच असतील.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधली फाईल दुकानातल्या संगणकावर उघडली की 'कमळ'च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. मुक्ता, बलू, नोटो हे फॉन्ट फुकट आहेत. मात्र 'ल' आणि 'श' नीट बघून घ्या. काही फॉन्ट ही अक्षरं हिंदी वळणाची दाखवतात आणि तिसरीतलं मूल अडतं, कारण पुस्तकातला 'ल' वेगळा असतो. मजकुराची भाषा मराठी निवडली की काही फॉन्टमध्ये अक्षर आपोआप बदलतं. शेवटी पीडीएफ करूनच पेन ड्राइव्हवर न्या.

लॅमिनेशन फक्त रोज हाताळायच्या पत्त्यांना करा, बाकीच्यांना रुंद सेलोटेप पुरते. सापशिडीचा पट तर छापूच नका, ओट्यावर खडूने आखा. फाशाऐवजी दोन चिंचोके फोडून चार डाळी करा. फेकल्यावर पांढऱ्या बाजूने जेवढ्या पडतील तेवढी घरं पुढे. चारही काळ्या पडल्या तर आमच्याकडे आठ घरं देतात, त्यावर भांडणं होतात, म्हणून नियम आधीच फळ्यावर लिहून ठेवा. चिंचोके नीट फुटत नसतील तर एक बाजू दगडावर घासायची. ते काम चौथीच्या मुलांना द्या, मधल्या सुट्टीत पायरीवर बसून करतात.