पाना पुण्यातून नेऊ का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ऑक्टोबरमध्ये कोथरूडहून ओहायोला जायचंय, आधी भाड्याचं अपार्टमेंट, पुढे जमलं तर घर. तिकडे प्लंबर परवडत नाही असं ऐकलंय, म्हणून बोहरी आळीतून पाइप पाना, टेप, वायसर, दोन नळ आणि जेट स्प्रे घेऊन जावं का? आई-बाबा कोथरूडलाच राहणार आहेत.

मी सहकारनगरची, आता तुमच्या शेजारच्या मिशिगनमध्ये. माझं उत्तर: बोहरी आळीत जरूर जा, पण तिथून आणलेलं सामान कोथरूडलाच ठेवा.

आधी न नेण्याचं कारण. आपल्याकडच्या नळांचे आटे बीएसपी पद्धतीचे, अमेरिकेतल्या पाइपांचे एनपीटी, म्हणजे आट्यांची मापंच वेगळी. अर्धा इंची मापात दोन्हीकडे इंचाला १४ आटेच असतात, त्यामुळे पुण्याचा नळ तिथल्या पाइपवर दोन-तीन फेरे गुमान चढतो आणि फसवतो. आट्यांचा कोन वेगळा आहे, बीएसपीचा ५५ अंश आणि एनपीटीचा ६०. पुढे तो अडतो किंवा कितीही टेप गुंडाळली तरी झिरपत राहतो. सिंकखालच्या आणि कमोडमागच्या कॉकचं तोंड तिथे बहुतेक ३/८ इंची कॉम्प्रेशनचं (नट आवळून घट्ट होणाऱ्या जोडाचं) असतं, आपला कनेक्शन पाइप दोन्ही टोकांना अर्धा इंची. म्हणजे नळ, कॉक, पाइप यातलं काहीच उपयोगाचं नाही. पाना कुठेही चालेल, पण तेवढ्या वजनात भाजणीचं पीठ आणि गोडा मसाला बसतो, आणि पाना तिथे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

आता कोथरूडचं. घरातली खटपट आजवर तुम्ही करत असाल तर तुम्ही गेल्यावर ती बाबांवर येणार. त्यांच्यासाठी एक डबा भरा: बारा इंची स्लाइड पाना, वॉटर पंप पक्कड, टेफ्लॉन टेपची चार-पाच रिळं, वायसरची पुडी, एक जादा अँगल कॉक, १८ इंची कनेक्शन पाइप, एम-सील, रबरी पंप. आणि अर्धा इंची प्लग, म्हणजे पाइपचं तोंड बंद करायची आट्यांची बुचं, दोन-तीन. किमतीला काहीच नाही, पण डब्यातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच. नळ मोडला किंवा स्पिंडल (नळाच्या आतली फिरणारी दांडी) निसटली तर पाणी बंद करायचं, नळ काढायचा, प्लगला टेप गुंडाळून तो बसवायचा. बाकी घराचं पाणी सुरू होतं, मग प्लंबर दोन दिवसांनी येईना का. इमारत जुनी असेल आणि भिंतीत लोखंडी जीआय पाइप असतील तर मात्र बाबांना बजावून ठेवा की पान्याने जोर लावायचा नाही. आतून गंजलेला पाइप भिंतीतच तुटतो आणि पाच मिनिटांच्या कामाला फरशा फोडाव्या लागतात.

महापालिका एखाद्या गुरुवारी पाणी बंद ठेवते, तो दिवस साधून घरातला प्रत्येक कॉक फिरवून बघा. टँकर किंवा बोअरचं जड पाणी असेल तर वर्षानुवर्षं न हलवलेले कॉक क्षार धरून बसलेले असतात, ते आत्ताच बदलून घ्या. प्रत्येकाला मराठीत चिठ्ठी लावा: स्वयंपाकघर, मोठं बाथरूम, गीझर. गच्चीवरच्या टाकीतून तुमच्या फ्लॅटला येणारा कॉक कोणता, हे वॉचमनला माहीत असतं, घरच्यांना क्वचितच.

ओहायोत पहिलं वर्षभर तुम्ही भाडेकरू. नळ, कमोड, गीझर, सगळी दुरुस्ती घरमालकाची. फोटो काढायचा, लेखी तक्रार टाकायची आणि वाट बघायची. हौसेने स्वतः उघडलंत आणि नंतर गळलं तर ते तुमच्या अंगावर येतं. तुमचं काम एवढंच, की माणूस येईपर्यंत पाणी थांबवायचं.

ते थांबवणं तिथे किती निकडीचं असतं हे पुण्याहून कळत नाही. आपल्या टाकीचं पाणी उंचीच्या जोरावर येतं, दहा मीटरला साधारण एक बार. वरच्या मजल्यावर शॉवरला धार नसते ती त्यामुळेच. तिथे शहराच्या लाइनचा दाब दिवसरात्र असतो, सहसा ४० ते ८० पीएसआय, म्हणजे पावणेतीन ते साडेपाच बार. टाकी रिकामी झाली की गळती आपोआप थांबेल, ही सोय नाही. त्यात बाथरूमच्या जमिनीला बहुधा जाळीच नसते! सांडलेलं पाणी लाकडी जमिनीतून खालच्याच्या छतात उतरतं. बादलीने अंघोळीचा मोह झाला तर ती टबात उभं राहूनच. म्हणून किल्ल्या हातात आल्या की सामान उघडण्याआधी कमोडमागचा आणि प्रत्येक सिंकखालचा कॉक शोधा, आणि पूर्ण युनिटचा मुख्य कॉक कुठे आहे ते अपार्टमेंटच्या ऑफिसात विचारून घ्या. मूठ पाइपला आडवी म्हणजे बंद, सरळ म्हणजे सुरू. बरेच फेरे फिरवावे लागणारा जुना कॉक असेल तर जबरदस्ती नको.

पहिल्याच दिवशी विकत घ्यायची वस्तू म्हणजे कमोडचा पंप, पाव्हणे यायच्या आधी. तिथला कमोड सायफनवर चालतो आणि भांड्यात पाणी इतकं वर असतं की नव्या माणसाला तो तुंबलाच आहे असं वाटतं. १९९४ पासून नव्या घरगुती कमोडला एका फ्लशला १.६ गॅलन, म्हणजे सहा लिटर, एवढीच मुभा आहे. आत वळणाचा अरुंद मार्ग. आणि आपली माणसं कागद वापरायला लागली की बेताने वापरत नाहीत. पाकिटावर फ्लशमध्ये चालतील असं छापलेले ओले रुमाल तर टाकूच नका. पंप घेताना रबराखाली निमुळती बाही असलेला घ्या, सपाट वाटीसारखा सिंकसाठी वेगळा. रबर पाण्यात बुडू द्या, पहिला दाब हलका, मग जोर खेचण्यावर. पाणी काठाकडे चढताना दिसलं तर टाकीचं झाकण काढून तळाची रबरी झडप हाताने दाबून धरा, वरून येणारं पाणी थांबतं. पंपानेही निघालं नाही तर कमोडसाठीची तीन फुटी हातानं फिरवायची तार मिळते. ती स्वतःचं घर झाल्यावर घ्या.

जेट स्प्रे तिथलाच घ्या, कारण टाकीच्या बुडाशी ७/८ इंची टी (इंग्रजी T च्या आकाराचा, कॉक असलेला जोड) बसतो आणि तो किटमध्येच येतो. बसवायला पंधरा-वीस मिनिटं, हातानं आवळून वर अगदी थोडा पाना. मालकाला विचारून बसवा, जुना पाइप जपून ठेवा. वापर झाला की टीचा कॉक बंद, दर वेळी. नुसता स्प्रेचा खटका सोडला तर नळी चोवीस तास पूर्ण दाबाखाली राहते आणि ती फुटण्यासाठी तुम्ही ऑफिसात असतानाची वेळ निवडते. पाहुण्यांनाही हे सांगावं लागतं, थोडं अवघड वाटलं तरी.

बाकीचं सामान एका छोट्या पिशवीत मावेल: दहा इंची वॉटर पंप पक्कड, एक सरकता पाना, बदलत्या टोकांचा स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेप, टॉर्च, बादली, जुने टॉवेल. टेप फक्त एनपीटीसारख्या निमुळत्या आट्यांवर, रबरी वायसर असलेल्या किंवा कॉम्प्रेशनच्या जोडाला नाही. केसांनी तुंबलेल्या टबासाठी काटेरी प्लास्टिकची लांब पट्टी मिळते, तिला तोड नाही. नाली साफ करायचं रसायन शक्यतो टाळा, आणि ओतलंच असेल तर येणाऱ्या माणसाला आधी सांगा. तो हात घालणार असतो.

इंची मापाच्या अ‍ॅलन की (षटकोनी दांडीच्या किल्ल्या) मात्र घ्याच. सिंकखाली कचरा दळणारं यंत्र असेल तर ते कधी ना कधी अडकतंच, विशेषतः आपल्या स्वयंपाकघरात. कोथिंबिरीचे देठ, कांद्याची सालं, उरलेला भात त्यात नको. फोडणीचं तेल तर कुठल्याच सिंकमध्ये नको, थंड पाइपात ते थिजून बसतं. अडकलं तर बटण बंद करा, खाली मधोमध भोक असतं त्यात पाव इंची की घालून दोन्हीकडे फिरवा, मग बुडाचं लाल बटण दाबा. आत हात घालायचा नाही, बंद असलं तरी.

तुम्ही पोहोचाल आणि महिन्या-दोन महिन्यांत थंडी सुरू होईल. पारा २० फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे सातच्या खाली गेला की बाहेरच्या भिंतीतले पाइप गोठू शकतात आणि फुटतात. त्या रात्री सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, भिंतीकडच्या नळाची बारीक धार चालू ठेवा. डिसेंबरात पुण्याला आलात तरी हीटर पूर्ण बंद करून येऊ नका, ५५ फॅरनहाइटच्या खाली तर नकोच.

घर घ्याल तेव्हा खरेदीआधी इन्स्पेक्टर येतो, त्याच्याबरोबर तुम्हीही तळघरात उतरा. मीटरजवळचा मुख्य कॉक त्याच्यासमोर स्वतः बंद करून परत उघडा. फिरला नाही, तर तो बदलून देण्याची अट कागदावर घालून घ्या.